उभे न राहिलेल्यांना पडलेली मतं

सुरुवातीलाच माफी मागते. माझं शिक्षण चौथीपर्यंत. ऱ्हस्व कुठे, दीर्घ कुठे ते मला चौथीत कळलं नाही आणि आता छप्पन्नाव्या वर्षी कळायची आशा नाही. अक्षराबद्दल तर बोलूच नये. माझी भाची रोझलिन म्हणते, "मावशी, कोंबडी शाईत पाय बुडवून चालली तरी याहून सरळ ओळ येईल."

यंदा आमच्या पॅरिशच्या नाताळ अंकात बायकांनी आपापल्या कामाचे अनुभव लिहावेत असं रविवारच्या मिस्सेनंतर चर्चमध्ये सांगितलं. शिक्षिका लिहितील, नर्स लिहितील, बँकेतल्या लिहितील. मी काही देणार नाही. पण तेव्हापासून विषय डोक्यातून जात नाही, म्हणून माझ्यापुरतं लिहिते आहे. वही जुनीच आहे. तिची मागची पानं कोरी राहिली होती. पुढची पानं ज्याने भरली आहेत, त्याचीच ही हकीकत.

माझं काम काय, हे मी आमच्या गावात, सांडोरमध्ये, अजून कोणाला नीट सांगू शकलेले नाही. "कॉम्प्युटरवर असते" म्हटलं की लोक माझ्याकडे बघतात आणि मग रोझलिनकडे बघतात. काम असं. परदेशातल्या एका विद्यापीठात काही लोक जगभरातल्या निवडणुकांचा अभ्यास करतात. कुठल्या देशात किती जण मत देतात, किती मतं बाद होतात, लहान पक्ष कुठे टिकतात, असं एकाला एक लावून बघतात. पण प्रत्येक देश आपला निकाल आपल्या तऱ्हेने छापतो. कोणी मतदारसंघाप्रमाणे, कोणी एकेका केंद्राप्रमाणे. कोणी बाद मतं वेगळी दाखवतो, कोणी कोरी आणि बाद वेगवेगळी, कोणी दाखवतच नाही. कोणाकडे माणसाला एक मत, कोणाकडे दोन, एक उमेदवाराला आणि एक पक्षाला. बाजारात एकजण वांगी किलोवर विकतो, एक वाट्यावर, एक टोपलीवर, मग महाग कोण ते कसं कळणार? आधी सगळी वांगी एकाच काट्यावर घालायला हवीत. तो काटा म्हणजे आमचं वसई रोडचं ऑफिस. छापील पानांचे फोटो यायचे आणि आम्ही ते एकसारख्या तक्त्यात भरायचो.

मी तिथे झाडू-फरशीला लागले होते. सगळ्या मला मावशी म्हणायच्या, कारण रोझलिन म्हणायची. रोझलिन बी.कॉम. आहे, ती पक्षांची आणि गावांची नावं टाकायची. एकदा काम खूप आलं आणि माणसं कमी पडली. मॅनेजर शिंत्रे सरांनी मला फरशी पुसताना थांबवलं.

"मावशी, इंग्रजी आकडे येतात ना?"

"येतात. फोन लावते ना मी."

"मग बसा. नुसते आकडे मारायचे. अक्षरांना हात लावायचा नाही."

कीबोर्डच्या उजव्या हाताला आकड्यांचा वेगळा चौकोन असतो. माझं जग तेवढं. पण त्या चौकोनात माझा हात असा बसला की तीन महिन्यांत बारावी झालेल्या पोरी माझ्या मागे राहिल्या. हे मी आजवर कोणाला म्हटलेलं नाही, इथे म्हणून घेते.

आकडे सगळीकडे सारखे असतात असं बाहेरच्याला वाटतं. नसतात. कित्येक देशांत हजारापुढे टिंब देतात आणि जिथे आपण टिंब देऊ तिथे स्वल्पविराम. पहिल्या आठवड्यात मी एका शहराच्या बारा हजार मतांची बारा मतं केली होती. काहींचा हाताने लिहिलेला एक इंग्रजी सातासारखा दिसतो, म्हणून ते सातच्या पोटात काडी मारतात. अरबी आकड्यांतला पाच दिसायला थेट आपलं शून्य. आणि नेपाळचे कागद आले त्या दिवशी तर मी ऑफिसची राणी होते. देवनागरी आकडे! इंग्रजी शाळेतल्या पोरींना पाच आणि सहा ओळखता येईना. एकेक जण खुर्ची सरकवत माझ्याकडे यायची. "मावशी, हा आठ की सहा?" मी एका कागदावर एक ते नऊ काढून भिंतीला लावले. तो कागद नेपाळ संपलं तरी सहा महिने तिथेच होता.

गमतीही होत्या. एका बेटाच्या देशात एका केंद्रावर एकूण मतदार अकरा, आणि त्यातलं एक मत बाद. अकराच माणसं. ते कोणाचं, सगळ्यांना कळलं असणार. दुसरीकडे एका उमेदवाराला त्याच्या स्वतःच्या गावच्या केंद्रावर शून्य मतं. मी ते शून्य टाकून जरा वेळ थांबले. शेजारी बसणारी सुनंदा म्हणाली, "काय झालं?" मी दाखवलं. ती म्हणाली, "म्हणजे बायकोनेपण नाही दिलं. संध्याकाळी घरी जेवायला काय मिळालं असेल?" दोघी इतक्या हसलो की सर केबिनमधून उठून आले.

सुनंदा उमेळ्याची. नवरा नाही, मुलगी बारावीला. ऑफिसातली सगळ्यात चलाख आणि सगळ्यात तिखट. आम्हा दोघींची जोडी होती. जोडी म्हणजे, एकच पान दोघींनी वेगवेगळं मारायचं, एकमेकींचं न बघता. मग कॉम्प्युटर दोन्ही लावून बघतो. जिथे आकडा वेगळा, तिथे पिवळं होतं. मग कागद पुन्हा बघायचा. मला हे नवीन नव्हतं. आमच्या वाडीत लग्नसराईला केळीची पानं शेकड्याने जायची. बाबा मोजायचे आणि आई त्यांच्या मागून मोजायची. दोघांचं जुळलं नाही तर बाबा ढीग मोडायचे आणि पहिल्यापासून मोजायचे. व्यापारी ओरडायचा, "अहो दोन-चार पानं टाका वर नि संपवा!" बाबा म्हणायचे, "वर चार मी खुशीने देतो. पण ती मोजून देतो."

पिवळं गेलं की दुसरी परीक्षा. सगळ्या पक्षांची मतं अधिक बाद मतं बरोबर एकूण मतदान. जुळलं तर हिरवं, नाही तर लाल. आता पुष्कळदा आमच्या दोघींचं बरोबर असायचं आणि तरी लाल यायचं, कारण चूक मूळ छापील कागदातच असायची. तिथल्या कोणी कारकुनाने बेरीज चुकवलेली. त्याला नियम एकच होता, पहिल्या दिवशी सरांनीच सांगितलेला: "छापलंय तेच टाका. आपलं शहाणपण चालवायचं नाही." लाल तसंच ठेवायचं आणि पुढे पाठवायचं.

मला ते लाल सोडून पुढे जाववत नसे. म्हणून ही वही केली. पान नंबर, छापलेली बेरीज, खरी बेरीज, फरक. सगळं मराठी आकड्यांत, कारण हाताला तेच येतात. सुनंदा चिडवायची, "मावशी, चित्रगुप्ताची जागा रिकामी झाली का? आमची पापंपण लिहिता का त्यात?"

मग एका मोठ्या देशाचं काम आलं. अकराशेच्या वर पानं, छपाई वाईट, आणि जवळजवळ प्रत्येक तिसऱ्या पानाला लाल. तारीख ठरलेली होती. लाल पान पुढे पाठवलं की तिकडून प्रश्न यायचे, प्रश्नांना उत्तरं द्यावी लागायची, आणि तोवर त्या पानाचे पैसे कंपनीला मिळायचे नाहीत. एका दुपारी शिंत्रे सर टेबलांच्या मध्ये येऊन उभे राहिले.

"ऐका सगळ्या. लाल ठेवायचं नाही. जेवढा फरक येतो तेवढा 'इतर'मध्ये टाका. बेरीज जास्त होत असेल तर बादमधून कमी करा."

'इतर' हा आमच्या तक्त्यातला शेवटचा कॉलम. जे लहान पक्ष वेगळे दाखवत नाहीत, त्यांची मतं त्यात एकत्र जातात.

सुनंदा म्हणाली, "सर, पण छापलंय तेच टाकायचं ना?"

"सुनंदा, तू निवडणूक आयोग आहेस का? चार-पाच मतांनी तिथलं सरकार पडत नाही. हिरवं करून द्या मला."

हे लेखी कुठे नव्हतं. तोंडानेच सांगितलं. आम्ही बारा बायका होतो, बाराही जणींनी ऐकलं आणि केलं. मीसुद्धा केलं. मी वेगळी होते असं कोणी समजू नये. फक्त प्रत्येक पानाचा खरा फरक मी वहीत लिहीत राहिले. माझा, आणि सुनंदाचाही, कारण पान एकच. बाकीच्या जोड्यांचाही, जेवणाच्या सुट्टीत त्यांना विचारून. आणि त्या दिवशीच्या तारखेखाली एक ओळ लिहिली: सर म्हणाले फरक इतरमध्ये टाका.

पाच महिन्यांनी ते पकडलं गेलं. विद्यापीठातल्या ज्या बाईंकडे ती फाईल गेली, त्यांनी पाहिलं की काही मतदारसंघांत फक्त तीनच उमेदवार होते, चौथा कोणी नव्हता, आणि तरी 'इतर'मध्ये मतं होती. कुठे सात, कुठे चाळीस. जे उभेच राहिले नव्हते त्यांना मतं पडली होती.

शिंत्रे सरांनी सगळ्यांना उभं केलं. प्रत्येकीचा एक नंबर असतो. कोणत्या नंबराने कोणता आकडा कधी टाकला हे कॉम्प्युटर लक्षात ठेवतो. कोणाच्या सांगण्यावरून टाकला ते ठेवत नाही. आमची जोडी सगळ्यात जलद, आणि पान हिरवं करणारा शेवटचा आकडा बहुतेक सुनंदाच टाकायची, म्हणून सगळ्यात जास्त पानं तिच्या नंबरावर, म्हणून सगळ्यात जास्त चुकाही तिच्या.

"सुनंदा, हे काय आहे?"

"तुम्हीच सांगितलं होतं सर."

"मी? मी सांगितलं, मतं बनवा म्हणून?"

"फरक इतरमध्ये टाका म्हणालात. इथेच उभे होतात. या सगळ्यांनी ऐकलंय."

सर हसले. ते हसणं मला अजून दिसतं. ते माझ्याकडे वळले, कारण त्यांना माहीत होतं कोणाकडे वळायचं ते.

"मावशी, तुम्ही वयाने मोठ्या. देवभक्त माणूस. तुम्ही सांगा. मी असं बोललो होतो?"

वही माझ्या पिशवीत होती. पिशवी खुर्चीला लटकत होती, माझ्या गुडघ्याला लागत होती. मी मान खाली घातली. लहानपणापासून कोणी चारचौघांत प्रश्न विचारला की माझी जीभ टाळ्याला चिकटते. चौथीतून शाळा सुटली त्याला घरची गरिबी जेवढी कारण होती, तेवढंच हेही होतं. पण हे कारण सांगून काय उपयोग? मी गप्प बसले आणि माझं गप्प बसणं सरांनी उत्तर म्हणून घेतलं.

सुनंदा कोणाकडे बघत नव्हती, फक्त माझ्याकडे बघत होती.

तिला त्याच दिवशी काढलं. दोन महिन्यांचा पगार नुकसानभरपाई म्हणून ठेवून घेतला. आमचे पगार रोखीत होते, त्यामुळे ठेवून घेणं सोपं. बाकीच्या अकरा जणींना नुसता दम मिळाला. संध्याकाळी रोझलिनने विचारलं, "मावशी, तू ऐकलं होतंस ना?" मी म्हटलं, "तू पण ऐकलं होतंस." पुढे स्टेशनपर्यंत ती माझ्या चार पावलं पुढे चालत राहिली.

त्यानंतरच्या पावसाळ्यात पापडीच्या बाजारात सुनंदा दिसली. मी कोळणीशी बोंबलांचा भाव करत होते. सुनंदा पलीकडच्या बाजूने आली, थांबली आणि मला काही न बोलता त्या कोळणीला म्हणाली, "तिला आधी सांगितलेला भाव विचारू नको हं. तिला काही आठवत नाही." कोळीण हसली. तिला वाटलं मैत्रिणींची मस्करी आहे. मी बोंबील न घेता घरी आले. मुलीची पहिल्या वर्षाची फी तिने कशी भरली हे नंतर दुसऱ्यांकडून कळलं. हातातल्या दोन बांगड्या गेल्या.

मी मिस्सेला जात होते, फादरपुढे पापं सांगून कुमसार करत होते. पण कुमसारातही हे सांगितलं नाही. काय सांगणार? खोटं बोलले असते तर पाप म्हणून सांगता आलं असतं. मी तर काही बोललेच नव्हते.

मग तिकडच्या बाईंचा व्हिडिओ कॉल ठरला. सरांच्या केबिनमध्ये मोठ्या पडद्यावर. इंग्रजी बोलायला रोझलिनला बसवलं होतं आणि चहा न्यायला मी होतेच. आकडे मारायला लागले तरी पाहुणे आले की चहा माझ्याकडेच असायचा. बाई पांढऱ्या केसांच्या, साध्या, गळ्यात लोकरीचा रुमाल. त्या बोलत होत्या आणि रोझलिन सरांना मराठीत सांगत होती. सगळं काम पुन्हा करावं लागेल, सगळी पानं, नवीन माणसांकडून. काम इथेच राहील असंही नाही. एकच वाट आहे. कोणत्या पानावर किती फरक मुळात होता, याची नोंद कोणी ठेवली आहे का?

"अशी काही नोंद नाही म्हणून सांग," सर म्हणाले.

मी कप ठेवत होते. आणि म्हटलं, "आहे."

माझाच आवाज मला ओळखू आला नाही. लोक पुढे म्हणाले, मावशीने धीर केला. धीर वगैरे काही नव्हता. माणसाबद्दल विचारलं तेव्हा माझं तोंड उघडलं नाही. आकड्याबद्दल विचारलं आणि उघडलं. एवढंच आहे ते, आणि याची मला अजून लाज वाटते.

मी वही आणून रोझलिनपुढे ठेवली. बाईंनी पडद्यावर एकेक पान नंबर सांगायचा आणि रोझलिनने फरक वाचायचा. माझ्या कोंबडीच्या पायांतून. सात. चाळीस. उणे तीन. बाई मान हलवत होत्या, सगळं जुळत होतं. त्या रोझलिनला म्हणाल्या, पानं सावकाश उलटून कॅमेऱ्यापुढे धर, मी फोटो घेते. रोझलिन उलटत गेली. आणि त्या तारखेच्या पानावर थांबली.

बाईंनी विचारलं. त्यांना मराठी येत नव्हतं, पण आकड्यांच्या मध्येच एक ओळ अक्षरांची आहे एवढं दिसत होतं. इथे काय लिहिलं आहे?

रोझलिन माझ्याकडे बघत राहिली. सर म्हणाले, "काही नाही, मावशींचं घरचं सामान असेल. पुढे जा."

मी रोझलिनला म्हटलं, "छापलंय तेच वाच."

तिने वाचलं. आधी मराठीत, मग इंग्रजीत.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण त्यात सांगण्यासारखा न्याय नाही. काम आमच्याकडेच राहिलं. बाईंनी माझी यादी जशीच्या तशी घेतली आणि त्यांच्या फाईलमध्ये टिपेचा एक वेगळा कॉलम केला, की या पानावर मुळातच बेरीज जुळत नाही. जगात कोणीही ती फाईल उघडली तर ती टीप दिसते असं रोझलिन सांगते. खाली माझं नाव नाही. ते नसलेलंच बरं. शिंत्रे सरांना कंपनीने काढलं नाही. त्यांना मुंबईच्या मोठ्या ऑफिसात पाठवलं, पगार वाढवून की तेवढाच, हे मला माहीत नाही. आणि सुनंदाचा ठेवून घेतलेला पगार परत द्यायचा असं वरून आलं, कारण रोझलिनने सुनंदाचं सांगितल्यापासून विद्यापीठातल्या बाई पुन्हा पुन्हा विचारत होत्या.

जाताना सरांनी ते पाकीट माझ्या हातात दिलं. "तुम्हीच नेऊन द्या मावशी. तुमचं ऐकेल ती." सोबत एक टाईप केलेला कागद, सुनंदाच्या सहीसाठी.

उमेळ्याला मी आधी दोनदा गेले होते, सुनंदाच्या अंगणातल्या जांबाच्या झाडाखाली बसून दोघींनी चहा घेतला होता. झाड आता नव्हतं. शेजारच्या वाडीत इमारत उठत होती, तिचा रस्ता तिथून गेला होता. सुनंदाने दार उघडलं आणि बाजूला झाली. बस म्हणाली नाही. मी उभीच राहिले. माफी मागायची असं ठरवून गेले होते. रिक्षात तीन वेळा मनात म्हणूनही पाहिलं होतं. पाकीट पुढे केलं आणि म्हटलं, "दोन महिन्यांचे आहेत."

तिने नोटा काढून मोजल्या. मग पुन्हा मोजल्या. आमच्या कामात दोनदाच मोजायचं असतं.

"पूर्ण आहेत," ती म्हणाली.

मी कागद दिला. त्यावर दोन ओळी होत्या. मला राहिलेले पैसे पूर्ण मिळाले. माझी कंपनीविरुद्ध किंवा कोणाविरुद्ध काही तक्रार नाही. सुनंदाने तो सावकाश वाचला. 'कोणाविरुद्ध' या शब्दापाशी आल्यावर तिने एकदा मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"पेन आहे?"

मी पिशवीतून दिलं. तिने दाराच्या चौकटीवर कागद ठेवला आणि दुसरी ओळ खोडली. एकदा नाही, पेन दाबून चार वेळा. मग सही केली आणि कागद माझ्या हातात ठेवला.

"पहिलं खरं आहे मावशी. तेवढंच राहू दे."

दार तिने आपटलं नाही, हळूच लावलं. मी रस्त्यावर येऊन कागद पुन्हा पाहिला. खोडलेल्या ओळीतलं आता काही वाचता येत नव्हतं. वरची ओळ शाबूत होती. पैसे पूर्ण मिळाले.